बॅनर चौकात लागला, मिनिटं मात्र सहाच

पत्र लांबलचक आहे, सगळं इथं देत नाही, वाचणाऱ्यांना समजेल एवढंच सांगतो. पोरगा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा, वय २१, उंची पाच फूट दहा इंच, बास्केटबॉलमधला पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणून टीमला खेळवणारा. शाळेत पीटीच्या सरांनी लोखंडी पाइपाला रिंग वेल्डिंग करून दिली तिथून सुरुवात, मग अमरावतीला कॉलेज, युनिव्हर्सिटीची टीम, आणि आता एका प्रोफेशनल लीगमधल्या टीमनं ट्रायलमधून घेतलं. नाव छापू नका म्हणाला म्हणून नाव नाही, टीमचंही नाही. नवीन वाचणाऱ्यांसाठी तीन शब्द: टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच बॉल गमावणं, स्क्रीन म्हणजे आपल्या माणसानं मधे उभं राहून समोरच्याची वाट अडवणं, थ्री म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट. पुढचं त्याच्याच शब्दात:

"सर, कॉलेजात मी मॅचला पंचवीस पंचवीस पॉइंट मारायचो. इथं कोच मला सहा मिनिटं उतरवतात अन त्या सहा मिनिटात माझे तीन तीन टर्नओव्हर होतात. स्क्रीन आली का दोन जण अंगावर येतात, मला काही सुचतच नाही. मी अजून स्पीड वाढवून राहिलो, पहाटे एक्स्ट्रा स्प्रिंट मारतो, पण फरक नाही. सगळे हिंदी इंग्लिशमध्ये बोलतात, प्लेचे नंबर डोक्यात राहत नाहीत, एक सिनियर मला गाववालाच म्हणतो. थ्री पण पडून नाही राहिले. गावात चौकात माझा बॅनर लागला आहे अन बाबा रोज फोन करून विचारतात काऊन रे, आज पण दिसला नाही. सोडून परत येऊ का?"

बाबू, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. परत येऊ नको. करार सीझनचा आहे, सीझन पूर्ण कर, मग पाहू. मधेच बॅग भरून आलास तर चार दिवस लोक बरं झालं आला म्हणतील आणि पाचव्या दिवशी तेच लोक पानठेल्यावर वेगळं बोलतील, ते तर सोडच, पण दुसरी कोणती टीम तुला घेताना पहिले हेच विचारेल का अर्ध्यातून काऊन सोडलं होतं, आणि त्याचं धड उत्तर तुझ्याजवळ नसेल.

आता स्प्रिंटचं. मार, त्यानं काही वाईट होत नाही, पण तुझा रोग तो नाही. पाय तुझे फास्टच आहेत, नाहीतर ट्रायलमध्ये घेतलंच नसतं, तिथं काही कोणी तुझ्या गावचं नाव पाहून घेतलं नाही. तुला उशीर होऊन राहिला तो ठरवायला. कॉलेजच्या मॅचमध्ये बॉल हातात आला, मान वर केली, इकडं पाहिलं तिकडं पाहिलं, मग ठरवलं पास देऊ का आत घुसू, तोवर समोरचा पोट्टा तुझ्याकडं बघत उभा असायचा, कारण तोही तुझ्याच वयाचा, सकाळी पेपर देऊन दुपारी मॅचला आलेला. इथं समोरचा माणूस आठ दहा वर्षं हेच काम करून राहिला. तू मान वर करून पाहीपर्यंत त्यानं पासची लाइन बंद केलेली असते. म्हणून बॉल हातात यायच्या आधीच तुझं ठरलेलं पाहिजे, सगळं नाही तरी पहिली गोष्ट तरी, आणि या एका सवयीवर तुझा पूर्ण सीझन अवलंबून आहे, बाकी मी खाली जे काही लिहून राहिलो ते सगळं याच्याच मागं येतं.

घड्याळाचा हिशोब कागदावर मांडून पहा. अटॅकला २४ सेकंद. त्यातल्या पहिल्या ८ सेकंदात हाफ लाइन ओलांडायची. समोरचा गार्ड पूर्ण कोर्टवर तुला चिकटला का तू लाइन ओलांडतो तेव्हा घड्याळात सतरा अठरा उरलेले असतात. तू हात वर करून प्ले सांगितला, मोठे लोक आपापल्या जागी गेले, पंधरा. पहिली स्क्रीन लागली, काही मिळालं नाही, बॉल दुसऱ्या बाजूला गेला, नऊ. तिथून दुसरी अ‍ॅक्शन, पाच सहा उरले तेव्हा शॉट. एवढंच असते ते, भरपूर वाटते पण नसते. आता तू काय करतो, बॉल घेऊन मधोमध उभा राहून टप टप टप टप चार ड्रिबल करतो, समोरच्याला हलवून पाहतो, कॉलेजात हेच चालायचं, पब्लिक शिट्ट्या मारायची. त्या चार सेकंदात टीमची दुसरी अ‍ॅक्शन मेली. मग शेवटी कोणीतरी वाकडातिकडा शॉट मारते आणि तो त्याच्या नावावर लागते, पण कोचला माहीत असते हे कोणामुळं झालं. तू लिहिलं का कोच काही कारण नसताना ओरडतात. कारण हेच असेल असं मला वाटते, टर्नओव्हर तर सगळ्यांना दिसतो, हे चार सेकंद स्टँडमधल्या कोणालाच दिसत नाहीत. आणि अटॅकिंग रिबाउंड, म्हणजे आपलाच रिंगला लागून चुकलेला शॉट, आपल्याला परत भेटला का घड्याळ १४ वर येते, २४ वर नाही, तेव्हा पुन्हा बाहेर येऊन नवीन प्ले लावत बसू नको, जे समोर आहे ते लगेच खेळ.

दोन जण अंगावर येतात म्हणतो, त्याच्यावर जरा बसून बोलू, कारण गार्डचं अर्धं आयुष्य पिक अँड रोलमध्येच जाते, म्हणजे आपल्या माणसानं स्क्रीन लावायची आणि मग रिंगकडं वळायचं.

तुझा सेंटर, म्हणजे टीमचा उंच माणूस, स्क्रीन लावायला येतो तेव्हा त्याच्यासोबत त्यांचाही एक उंच माणूस येते. तो चारच गोष्टी करू शकतो. एक तर मागं थांबेल, रिंगच्या बाजूनं. नाहीतर क्षणभर पुढं येऊन तुला अडवेल आणि परत आपल्या माणसाकडं पळेल. नाहीतर तुझ्यावर असलेल्या त्यांच्या गार्डसोबत मिळून तुला ट्रॅप करेल, म्हणजे घेरेल. नाहीतर सरळ माणूस बदलतील, स्विच. आता यातलं तो काय करणार हे तुला स्क्रीनवरून वळल्यावर समजून राहिलं, तिथंच सगळं फसते. ते आधी समजते, बाप्पा. त्याच्या हाताकडं पाहू नको, हात तो उगाच हलवत राहते तुला फसवायला. पायाकडं पहा. पाय फ्री थ्रोच्या रेषेजवळ आहेत, टाचा टेकलेल्या आहेत, तर तो मागंच थांबणार, मग तुला मधली जागा मोकळी आहे, तिथं थांबून छोटा शॉट नाहीतर फ्लोटर, म्हणजे उंच माणसाच्या हातावरून हळूच उचलून टाकलेला शॉट, हे तुझ्या हातात असलंच पाहिजे, नसलं तर स्प्रिंट सोड आणि रोज फ्लोटर मार, डाव्या हातानं पण. पाय तुझ्या स्क्रीनच्या बरोबरीला आलेत, टाचा उचललेल्या आहेत, गुडघे वाकलेत, तर तो येणार, आणि हे तुला स्क्रीन लागायच्या आधी एक सेकंद दिसते.

आला तर काय? पहिली गोष्ट म्हणजे बॉल हातात धरू नको. नवीन गार्ड इथंच मरते, दोघं दिसले का घाबरून ड्रिबल बंद करते, बॉल डोक्यावर धरते, मग पास द्यायला उडी मारते, आणि हवेत गेल्यावर त्याला समजते का द्यायला कोणीच नाही. ड्रिबल चालू ठेव आणि मागं ये, दोन ड्रिबल मागं, छाती रिंगकडंच. ते दोघंही तुझ्यामागं ओढले जातील. ओढले गेले का तुझा सेंटर फ्री थ्रोच्या रेषेजवळ एकटा असते, त्याला बॉल दे, बाउन्स पास दे, आणि मग तिकडं चार विरुद्ध तीन झाले, तुझं काम तिथं संपलं. असिस्ट, म्हणजे ज्या पासवर पॉइंट होतो तो, तुझ्या नावावर लागणार नाही कदाचित, कारण तो सेंटर कॉर्नरमधल्याला देईल आणि तो मारेल. लागू दे कोणाच्याही नावावर. आणि मागं येताना हाफ लाइनच्या जवळ, साइडच्या कोपऱ्यात जाऊ नको, एकदा ओलांडली का परत मागं जाता येत नाही, साइड लाइनच्या बाहेर पाय टाकता येत नाही, म्हणजे दोन डिफेंडर तर आहेतच वरून दोन रेषा. मधोमध रहा. दोघांच्या मधून घुसून जाणं हा प्रकार मोबाइलवर छान दिसते, यंदा तुझ्यासाठी तो बंद समज.

टर्नओव्हरचं एवढं मनावर घेतलं म्हणून सांगतो. केटलिन क्लार्कचं नाव ऐकलं असेल, अमेरिकेतली गार्ड, आयोवा युनिव्हर्सिटीकडून खेळताना कॉलेजमध्ये ३९५१ पॉइंट मारले, मुलं मुली दोन्ही धरून एनसीएएच्या, म्हणजे तिथल्या कॉलेज स्पर्धांच्या, वरच्या डिव्हिजनचा रेकॉर्ड. मुलींची लीग म्हणून नाक मुरडू नको, तिचं पासिंग पहा म्हणजे समजेल. १४ मे २०२४ ला डब्ल्यूएनबीएमधली, म्हणजे तिथल्या बायकांच्या प्रोफेशनल लीगमधली, तिची पहिली मॅच, तिची टीम इंडियाना फीव्हर विरुद्ध कनेक्टिकट सन. २० पॉइंट केले आणि १० टर्नओव्हर. दहा! कॉलेजात जे पास सहज निघून जायचे ते इथं मधेच पकडले जाऊन राहिले होते, तुझंच दुखणं. पण सीझन संपला तेव्हा तिचे ३३७ असिस्ट झाले होते, त्या लीगच्या एका सीझनचा तेव्हाचा रेकॉर्ड, रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या खेळाडूंतली सगळ्यात चांगली, तीही तीच, आणि मजा म्हणजे सीझनमधल्या सगळ्यात जास्त टर्नओव्हरचा रेकॉर्डही तिच्याच नावावर लागला. म्हणजे टर्नओव्हर होत राहिले आणि तरीही टीमनं बॉल तिच्याच हातात ठेवला.

पण तू क्लार्क नाही, तिला कोच पूर्ण मॅच ठेवत होती, तुझ्याजवळ सहा मिनिटं आहेत, म्हणून तुझा हिशोब वेगळा. टर्नओव्हर दोन प्रकारचे असतात. बॉल बाहेर गेला, तर खेळ थांबला, आपले पाचही जण मागं जाऊन उभे राहिले, नुकसान एका अटॅकचं. आणि दुसरा, मधोमध आडवा पास दिला आणि तो त्यांच्या गार्डनं तोडला, तर तो एकटा पळत जाऊन दोन पॉइंट घेऊन येते, आपले सगळे बघत राहतात, म्हणजे अटॅकही गेला आणि वरून दोन पॉइंट. तुझे तीन कोणत्या प्रकारचे आहेत ते व्हिडिओत पहा. मला वाटते दुसरेच जास्त असतील, कारण कॉलेजचे पोट्टे वरच्या बाजूनं आळसावलेला आडवा पास देतातच आणि तिथं तो तोडणारं कोणी नसते. तो पास यंदा देऊच नको. द्यायचा असला तर पहिले ड्रिबलनं जवळ जा, अंतर कमी कर, मग दे. आणि कोणता पास द्यावा समजतच नसलं, घड्याळ संपत आलं, तर बॉल बोर्डावर मार, रिंगला लागला तर रिबाउंड तरी भेटू शकते, मधोमध तोडून घेण्यापेक्षा ते परवडलं.

लोकं तुला म्हणतील आपला नॅचरल गेम खेळ. तुझ्या गावचेही म्हणतील, कॉलेजचे मित्र म्हणतील, मला हे पटत नाही. नॅचरल गेम हा ज्याला तीस मिनिटं मिळतात त्याच्यासाठी आहे. सहा मिनिटवाल्याचं काम असते का त्या सहा मिनिटात मॅच बिघडू द्यायची नाही, मेन गार्ड पाणी पिऊन, श्वास घेऊन परत येईपर्यंत स्कोअर जिथं होता तिथंच राहिला पाहिजे. ऐकायला फालतू वाटते, पॉइंट मारणाऱ्याला तर खूपच फालतू वाटते, पण कोच मिनिटं वाढवते ती याच्यावर. पहिले त्याची भीती गेली पाहिजे का हा उतरला म्हणजे काहीतरी होणार. भीती गेली का सहाचे नऊ होतील, नवाचे चौदा, आणि तेव्हा दाखव तुझे पंचवीस पॉइंटवाले हात.

डिफेन्समध्ये हे सगळ्यात लवकर जमते कारण तिथं बॉल तुझ्या हातात नसते. त्यांच्या गार्डला पूर्ण कोर्टवर पकड, त्याला हाफ लाइन ओलांडायला सहा सात सेकंद लागले पाहिजेत, मग वरचा जो हिशोब तुझा बिघडून राहिला तो त्याचा बिघडेल. स्क्रीन लागली तर शरीर आडवं करून, एक पाय पुढं टाकून वरून, म्हणजे बॉलवाल्याला चिकटूनच, निघायचं, खालून, म्हणजे स्क्रीनच्या मागून, जायचं नाही, त्याचा शॉट चांगला नसला तर कोच सांगेल तेव्हाच खालून. हात घालून फाउल करू नको. पाच फाउल झाले का तू बाहेर हे तर माहीतच आहे, पण क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले का पाचव्यापासून त्यांना दोन फ्री थ्रो भेटतात, म्हणून उतरायच्या आधी टीम फाउल किती झाले ते असिस्टंट कोचला विचारून उतर. नवीन पोरानं हे विचारलं का कोचच्या डोळ्यात भरते, खरं सांगतो.

बेंचवर कसा बसतो ते लिहिलं नाही तू. माझा अंदाज आहे टॉवेल डोक्यावर घेऊन बसत असशील. तसं बसू नको. त्यांचा गार्ड कोणत्या हातानं जास्त जातो, दमल्यावर काय करते, त्यांचा सेंटर स्क्रीनवर पुढं येते का मागं थांबते, हे सगळं तिथून फुकटात दिसते. तू उतरशील तेव्हा तुझं अर्धं ठरलेलं असेल.

तुमच्या टीमचा मेन गार्ड, तोच जो तुझ्या मते तुझी जागा अडवून बसला आहे, त्याच्या शेजारी बस. आपल्याकडं नवीन गोऱ्हा वखराला जुंपायचा असला का त्याला जुन्या बैलासोबतच जुंपतात, दोन गोऱ्हे एका जुवाखाली कोणी घालत नाही. स्टीव्ह नॅशचंच पहा. १९९६ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, पंधराव्या नंबरवर फिनिक्स सन्सनं घेतला, समोर केव्हिन जॉन्सन, आणि त्याच सीझनमध्ये मधेच टीमनं जेसन किडला पण आणलं. म्हणजे पुढं दोन दोन मोठे गार्ड. पहिल्या सीझनमध्ये नॅशला मॅचला जेमतेम दहा मिनिटं मिळाली, अ‍ॅव्हरेज ३.३ पॉइंट. तोच माणूस पुढं २००५ आणि २००६ ला लागोपाठ एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू, झाला. तू नॅश होशील असं मी म्हणत नाही, उगाच बॅनरवाल्यांसारखं बोलणार नाही, फक्त ३.३ पॉइंटवाला रूकी म्हणजे निकामी गार्ड असा अर्थ होत नाही एवढंच.

भाषेचं टेन्शन जेवढं वाटते तेवढं नाही. कोर्टवर लागतात वीस पंचवीस शब्द, स्क्रीन लेफ्ट, स्क्रीन राइट, स्विच, हेल्प, बॉल, कटर, बॉक्स आउट, असे, आणि ते तुला येतात, तू फक्त हळू बोलतो. लाज वाटते म्हणून हळू बोलतो. गावात शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारतो तसा आवाज काढ, उच्चार गेला चुलीत. जो गार्ड बोलत नाही त्याला सगळे नवखा समजतात आणि जो सारखा ओरडते त्याला पंधरा दिवसात सगळे विचारायला लागतात आता कोणता प्ले. गाववाला म्हणणाऱ्याला हसून हो म्हण आणि पुढं जा, त्यानं काही शिवीगाळ केली, घरच्यांवर गेला, तर मात्र एकटा भांडत बसू नको, टीम मॅनेजरला सरळ सांग.

प्लेचे नंबर डोक्यात राहत नाहीत कारण तू फक्त स्वतःची जागा पाठ करून राहिला. पॉइंट गार्डला पाचही जणांची जागा माहीत पाहिजे, तेव्हाच ते डोक्यात बसते. रात्री पलंगावर एका वहीवर अर्धं कोर्ट काढ, पाच सरक्या नाहीतर तुरीचे पाच दाणे ठेव, आणि एकेक प्ले हलवून पहा, पहिल्या पासनंतर कोण कुठं गेला, दुसऱ्या नंतर कोण. रोज दोनच प्ले, जास्त नाही. मग डिफेंडर म्हणून आणखी पाच दाणे वेगळ्या रंगाचे ठेव आणि विचार कर का इथं त्यांनी स्विच केलं तर काय. हे मी माझ्या पोरांकडून करून घेतो, पहिले हसतात, मग हळूच दाणे मागायला येतात.

थ्री पडत नाहीत म्हणतो. रेषा तीच आहे, ६.७५ मीटर, कॉलेजातही तीच होती, बदललं काय तर अंगावर येणारा माणूस. तिथं तुला बॉल घेऊन खाली वाकून सेट व्हायला वेळ मिळायचा. इथं बॉल येण्याआधीच गुडघे वाकलेले पाहिजेत, हात तयार, आला का वर. पुन्हा तेच, आधी तयार राहणं. आणि मेन गार्डसोबत एकत्र उतरवलं तर तुला कॉर्नरमध्ये उभं करतील, तिथं अंतर ६.६० मीटरच आहे, जवळ पडते, पण थ्रीची रेष आणि साइड लाइन यांच्यात ९० सेंटिमीटरच जागा असते, त्यात दोन पाय मावले पाहिजेत, एकही रेषेवर नको. खाली न पाहता तिथं उभं राहायची सवय लाव. दुसरं एक, आपण उघड्यावर खेळून आलेले, बोर्डाच्या मागं निंबाचं झाड नाहीतर शाळेची भिंत, आणि मोठ्या हॉलमध्ये बोर्डाच्या मागं सगळं मोकळं आणि लाइटच लाइट, अंतराचा अंदाज चुकते, बऱ्याच जणांचं होते, मॅचच्या आधी लवकर जाऊन दोन्ही रिंगवर मारून घेत जा.

अंगावर वजन पाहिजे, ते तुला तिथले ट्रेनर सांगतीलच, वजन उचलणं टाळू नको, गार्ड बारीकच बरा हे आता कोणी मानत नाही कारण स्क्रीनला धडकायचं असते चाळीस वेळा. जेवणाचं लिहिलं का तिथलं जमत नाही. भात चपाती जे आहे ते पोटभर खा, दूध अंडी खा, चालत असलं तर चिकन, आणि आईला शेंगदाण्याचे लाडू पाठवायला सांग, त्याच्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता बाबांचा फोन.

गावाला काय वाटते, टीममध्ये घेतलं म्हणजे खेळणारच, आणि प्रोफेशनल म्हणजे आयपीएलसारखे कोटी. सतनाम सिंग आठवते का, पंजाबातल्या बल्लो के गावचा, २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं ५२ व्या नंबरवर घेतला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, केवढी बातमी झाली होती. त्याला एनबीएची एकही मॅच खेळायला भेटली नाही. घेतलं जाणं वेगळं आणि उतरवलं जाणं वेगळं, हे बाबांना आधीच शांतपणे समजावून सांग, मॅचच्या दिवशी रात्री नाही, एखाद्या सुट्टीच्या दिवशी. आणि रोजच्या फोनला पॉइंट सांगूच नको. बाबा आज सात मिनिटं खेळलो, बॉल एकदाच गेला, असं सांग. एक दोन आठवड्यात तेच विचारतील किती वेळा गेला म्हणून. बॅनरचं काय, बॅनर वारा आला का फाटते आपोआप, त्याच्या जागी कोणाच्या तरी वाढदिवसाचा लागेल.

पैशाचं मात्र ध्यानात ठेव. लीगचा सीझन छोटा असते, पगार त्या महिन्यांपुरता. गावातून उसने मागणारे येतील, आतापर्यंत आलेही असतील, त्यांना बाबांकडं पाठव आणि बाबांना नाही म्हणायला सांग. डिग्री राहिली असली तर पूर्ण कर, बीपीएडचा, म्हणजे पीटीच्या सरांच्या डिग्रीचा, विचार कर, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था तुझ्या कॉलेजच्याच गावात आहे, तिथं जाऊन चौकशी कर. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्टेट आणि नॅशनलची सर्टिफिकेटं लागतात आणि ती पडताळून घ्यावी लागतात, लीगचा कागद तिथं चालेलच असं धरून बसू नको, जुनी सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाल आणि झेरॉक्स काढून ठेव, पावसाळ्यात कवेलूच्या घरात काय होते ते तुला माहीत आहे.

कोचशी बोलायला भीती वाटते ना, मग पहिले असिस्टंटकडं जा, प्रॅक्टिस झाल्यावर, सगळे गेल्यावर. मला काऊन खेळवत नाही असं विचारू नको, त्याचं उत्तर कोणीच नीट देत नाही. असं विचार, सर, या आठवड्यात मी कोणती एक गोष्ट सुधरवली तर तुम्हाला बरं वाटेल. एकच सांगतील, ती कर, आठ दिवसांनी परत जा, त्याच गोष्टीचा व्हिडिओ दाखवायला सांग.

आणि शेवटी शूजचं विचारलं, टीमकडून भेटलेले शूज सुट्टीत गावच्या कोर्टवर घालू का. अजिबात नको. डांबरावर सोल घासला गेला का लाकडी कोर्टवर पकड राहत नाही, घसरला का घोटा गेला आणि सहाची शून्य मिनिटं. ते फक्त हॉलमध्ये, उतरायच्या आधी ओल्या फडक्यानं सोल पुसून. गावात शाळेच्या पोट्ट्यांसोबत खेळशील तेव्हा जुने घाल, आणि पूर्ण डाव डाव्या हातानंच खेळ, तेवढीच फ्लोटरची प्रॅक्टिस होईल.